तिसरा वेढा

कोर्वेन, १४ नोव्हेंबर

प्रिय इव्होर,

तुझं पाकीट काल पोचलं. घरी सगळे ठीक असतील. इथे पाऊस थांबत नाही. तुझ्या बायकोने पाठवलेला मनुकांचा ब्रेड अजून शिल्लक आहे, एकटीला संपत नाही. तिला माझे आभार सांग.

माझ्या एम्लिनला जाऊन सहा आठवडे झाले. सख्ख्या भावाबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास आणि पुढे यंत्रांची चार पानं जोडलीस. गुरुवारी अपघाताच्या चौकशीचे अधिकारी यार्डात येणार, तेव्हा तिथे झाडावर कापलेले ओंडके दोराने खाली उतरवायचं चांगलं यंत्र दिसायला हवं, आणि 'लहान की मोठं, तू सांग, दोर तूच धरतेस.'

तर ऐक. मोठं घे. खोडाच्या बुंध्याला दोन पट्ट्यांनी आवळून बसवायचा तो गुळगुळीत लोखंडी रूळ. लहान यंत्र पट्ट्यावर लोंबकळतं, भार आला की उसळतं. मोठं जागचं हलत नाही. कापण्याआधी दोराची ढील त्यावर ओढून घेता येते, म्हणजे ओंडका कमी अंतर पडतो. आणि लोखंड सालीसारखं नसतं. सालीवर दोर कोरड्या दिवशी चिकटतो, ओल्या दिवशी निसटतो. रुळावर दोन वेढे म्हणजे किती पकड, ते हाताला एकदा कळलं की कळलं.

हे तुला एम्लिनने तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, माझ्यासमोर, तुझ्याच स्वयंपाकघरात. तू हसलास. "बाबांनी चाळीस वर्षं बुंध्याभोवती दोर गुंडाळून झाडं उतरवली. तुला आता खेळणी हवीत होय रे?" त्याने विषय सोडून दिला. मीही. तुमच्या घरात मोठ्या भावापुढे सगळे गप्पच बसतात.

चॅपलमागचा तो बीच वृक्ष तूही पाहिला होतास. ओली साल, बुंध्याभोवती दोनच वेढे. पहिला ओंडका माझ्या हातातून सुसाट गेला, हातमोजे करपले, कुंपणाच्या भिंतीवरची पाटी फुटली. तू ओरडलास, "भिंत पाडतेस का, मार्गेद? टाक अजून एक वेढा!"

झाडावरून एम्लिन म्हणाला, "दोन बास! पळू दे त्याला!" आणि मग त्याचं नेहमीचंच, "सोड गं, ओंडका आहे, नवरा नाही इतका घट्ट धरायला!"

तू फाटकाजवळ हसलास. मग मला म्हणालास, "त्याचं काय ऐकतेस? टाक."

पडणारा ओंडका हळूहळू थांबवायचा असतो. दोर वरच्या खोडावरूनच खाली येतो, म्हणून ओंडका एकदम थांबला तर त्याचा सगळा हिसका वरच्या खोडाला बसतो, आणि चढलेला माणूस त्याच खोडाला बांधलेला असतो. आपल्या धंद्यात पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात. जास्त वेढे म्हणजे जास्त सुरक्षित, असं फक्त खाली उभ्या माणसाला वाटतं.

पहिल्या चौकशीत तू सांगितलंस की झाड आतून कुजलं होतं. होतंच. म्हणूनच तर ते हिसक्याने मोडलं. तू सांगितलंस, दोन वेढे होते. मग त्यांनी मला विचारलं आणि मीही म्हणाले, दोन.

तीन होते, इव्होर. तिसरा मी टाकला. तू सांगितलंस म्हणून टाकला, पण हात माझेच होते. दोर तसूभरही सरकला नाही. मी वर पाहिलं तेव्हा खोड थरथरत होतं, आणि एम्लिन माझ्याकडे बघत होता. मग ते मोडलं, त्याच्यासकट.

आता तू लिहितोस, 'गुरुवारी तेच सांगायचं, दोघांचं जुळायला हवं.' वर आणखी, 'झालं ते झालं.' तुझ्या तोंडून हे वाक्य मी पुन्हा ऐकणार नाही. तुझं झालं असेल. माझ्याकडे त्याचे बूट दाराशी आहेत.

गुरुवारी मी येईन. त्यांना तीन सांगेन. कोणी सांगितलं ते सांगेन, कोणी टाकला तेही सांगेन. तू शेजारी उभा राहिलास तरी, नाही राहिलास तरी.

रूळ मात्र मागव. तो बसवशील त्या दिवसापासून दोर धरणाऱ्याला हुकूम द्यायचा तो फक्त वर चढलेल्याने. खालच्या कोणीही नाही, मालकानेही नाही. हे यार्डाच्या दारावर लिहून लाव, आणि खाली सही तुझी कर.

जिच्या हातात दोर होता,
मार्गेद