बाबांचा मेणाचा ठोकळा

दादा,

बाबांच्या गाठीचा तुकडा आमच्या लॅबमध्ये अजून आहे का, असं तू गेल्या महिन्यात फोनवर विचारलंस. आहे. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेले असे तुकडे आम्ही वर्षानुवर्षं जपतो. ते कापून तपासायला देणं हेच माझं काम.

बाबा होते तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर, आहे हे कळलं, आता गाठीची जनुकं तपासू, म्हणजे औषध नीट निवडता येईल. तू म्हणालास, "या वयात कशाला आणखी तपासण्या?" तुझ्या शब्दाबाहेर जायची मला सवय नव्हती. मी तो तुकडा तपासायला दिलाच नाही. बाबा मात्र दर केमोनंतर विचारायचे, "तुमच्या लॅबचा तो रिपोर्ट आला का गं?" मी म्हणायचे, "येईल."

आता हे आपल्याही रक्तात असेल या धास्तीने तुझी झोप उडाली आहे. आता तपासणी हवी, तीही तातडीने.

मी तो तुकडा तपासायला दिला, आज रिपोर्ट आला. दोन जनुकं बदललेली निघाली. अशा लिम्फोमाला बाबांना दिलेलं नेहमीचं औषध सहसा पुरत नाही, जास्त कडक द्यावं लागतं. आणि हे बदल फक्त गाठीत झालेले आहेत, बापाकडून मुलाकडे जाणारे नाहीत. म्हणजे तू सुटलास.

एवढं एका ओळीत कळवता आलं असतं. पण हे पत्र माझ्या खणातच राहील. तू परत फोन करशील, रिपोर्ट आला का विचारशील.

मी म्हणेन, "येईल."

तुझ्या शब्दाबाहेर न गेलेली,
धाकटी