चौदावा बांधायला तेरावा

चौसाळा, मंगळवार

तीर्थस्वरूप मुंजाजी दाजींना साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा प्रत्यक्षात मान लववली एवढंच.) अक्काचा गुडघा कसा आहे? तुमच्याकडे नळाला रोज पाणी येतं म्हणे. खरं असेल तर मोठ्यानं बोलू नका, इथून पाहुणे निघतील.

इकडे टँकर आठवड्यातून एकदा आणि मी रोज दूध संस्थेच्या संगणकासमोर. सध्या दुधाचं फॅट सचिव त्रिंबकराव अंदाजानं लिहितात, आणि ऐन दुष्काळात त्यांच्या मेव्हण्याची म्हैस तेवढी सायीचं दूध देते. फॅट मोजणारा प्रोग्राम तयार आहे. पण त्याच्या भाषेचा कम्पायलर (माणसानं लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा) आमच्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमसोबत मिळणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत नाही. यादीबाहेरचं काही यंत्रावर घालायचं नाही, असा संस्थेचा ठराव आहे. (ठराव मीच लिहिला.) म्हणून तो यादीत घालायचं काम मी अंगावर घेतलं. रविवारी यादी बंद होते. हुकलं तर आणखी दोन वर्षं त्रिंबकरावांचा अंदाज.

अडचण अशी, की हा कम्पायलर त्याच्याच भाषेत लिहिलेला आहे. त्याचा चौदावा अवतार बांधायला तेरावा लागतो, तेराव्याला बारावा. परका, तयार आणलेला वापरणं मला लबाडी वाटली. म्हणून मी थेट पहिल्यापासून निघालो. एकेकाला अकरा तास, मध्ये लाईट गेली की पुन्हा सुरुवात. सतरा दिवसांत पाचव्यापर्यंत आलोय.

काल संस्थेच्या अध्यक्षा रतनबाई डोकावल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “मंजी दह्याला इरजण लागतं तसंच की! आमी भिमाबाईकडून वाटीभर आणतो. तुमी कावून म्हैस पाळण्यापास्नं सुरू केलंय?”

मी म्हटलं, यादीवाल्यांचा नियम आहे.

“वाचला का तुमी?”

वाचला होता असं वाटत होतं. पुन्हा वाचला. तिसऱ्याच ओळीत होतं: पहिल्या खेपेला कुणाचाही तयार घ्यावा, त्यानं आपला बांधावा, मग आपल्यानंच आपला पुन्हा बांधून परका पुसून टाकावा. सतरा दिवस मी पाळलेला नियम माझा मीच केलेला होता. रतनबाईंना हे सांगावं का, यावर रात्री डायरीची चार पानं भरली. सकाळी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. बाहेर जाऊन हसल्या.

अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
उत्तरेश्वर

ता. क. तुमचा संगणक आमच्याच जुन्या जातीचा, आणि त्यावर तेरावा आहे. दिवाळीत तुम्ही हा तेरावा देऊ केलात तेव्हा मी भरल्या ताटावरून स्वावलंबनावर जे काही बोललो, ते मागे घेतो. पत्र आणणारा कंडक्टर गहिनीनाथ शुक्रवारी परत फिरतो, त्याच्याकडे पेन ड्राइव्ह द्या.

आणखी ता. क. तो तुम्ही स्वतः बांधलात की कुणाकडून आणलात, हे कृपया कळवू नका. कळलं तर मला वापरवणार नाही.