यादीतला पहिला विषय

४ ऑगस्ट, सोमवार
स्टाफरूमच्या फळ्यावर नोटीस. नवी समिती: विद्यार्थी मार्गदर्शन मूल्यमापन. आम्हा प्रत्येकाला वीस-बावीस पोरं वाटून दिलेली असतात. त्यांना विषय निवडायला मदत करायची, अडचणीत बघायचं. ते खरंच होतं का, हे ही समिती तपासणार. समन्वयक पाहिजे. अर्ज शुक्रवारपर्यंत.
दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना मागं भूगोलाचे गव्हाणे सर. "काय मॅडम, विचार आहे का?" म्हटलं, छे हो, सहज.
खोटं बोलले. एकोणीस वर्षं स्वागत समितीत काढली. शाल, श्रीफळ, रांगोळीचे रंग, पाहुण्यांच्या चहात साखर किती. आता बास.

५ ऑगस्ट
अर्ज लिहिला, फाडला, परत लिहिला. आमचे हे एसटीत, भूम स्टँडवर कंट्रोलर. जेवताना सांगितलं. "पगार वाढतो का?" नाही. "तास कमी?" नाही. "मग कशाला गं डोक्याला ताप?"
कशाला ते मलाही नीट... पाहिजे, बस्स. एकदा तरी टेबलाच्या त्या बाजूला बसायचंय.

७ ऑगस्ट
अर्ज दिला. त्यातला मुख्य मुद्दा: माझ्या मार्गदर्शनामुळं मुलांचा अर्थशास्त्राकडं ओढा वाढला. वाढलाय हे खरंच. पूर्वी माझ्या तासाला पाच-सहा डोकी, आता बाकं पुरत नाहीत. प्राचार्य वाचून खूश. "मॅडम, हेच मांडा. पंचवीस तारखेला, सगळ्या स्टाफसमोर."
दुसरा अर्ज एकच, गव्हाणे सरांचा. त्यांच्या फायली म्हणजे लग्नाचे अल्बम.

१२ ऑगस्ट
मांडणीत मुलांचे चार शब्द असावेत म्हणून माझ्या गटातल्या बावीस जणांना बोलावलं. चौदा आली. विचारलं, अर्थशास्त्र का घेतलं? माझ्या मनात उत्तरं तयार होती. स्पर्धा परीक्षा, बँक, मॅडम छान शिकवतात.
पहिला म्हणाला, "फिरोजभाईनं भरलं." दुसरी, "फिरोजभाईनं." तिसऱ्याला वाटलं मी रागावलेय, म्हणून त्यानं खुलासा केला, "फॉर्म त्येच भरत्यात की, मॅडम. समद्यांचा." एकाचं कारण वेगळं निघालं: "तुमच्या तासानंतर दीडची गाडी भेटती."
अश्विनी, पाथरूडकडची, दुसऱ्या वर्षाला, गेल्या वर्षीही माझ्याच गटात. सगळे गेल्यावर म्हणाली, "मला भूगोल पायजे होता. नकाशे लई आवडत्यात." मग बदलून का नाही घेतलास? "बदलता येतंय व्हय?"
येत होतं. पंधरा दिवसांच्या आत, गटाच्या शिक्षकानं चिठ्ठी दिली तर. आणि गटाची शिक्षिका मी.
घरी येऊन गटाची वही काढली. अश्विनीच्या नावापुढं माझंच अक्षर: विषयनिवड समाधानकारक. बावीसच्या बावीस जणांपुढं तेच, एका पेनानं, एका बैठकीत. भजी खात लिहिलं होतं, पानाला तेल लागलंय.

१३ ऑगस्ट
फिरोजकडं गेले. स्टँडसमोर दुकान आहे: झेरॉक्स, आधार, ऑनलाइन फॉर्म. माझाच जुना विद्यार्थी. खुर्ची पुसून दिली. विचारलं, सगळ्यांना अर्थशास्त्रच कसं रे? त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली. विषयांची यादी अ पासून लावलेली. सगळ्यात वर अर्थशास्त्र, आधीच निवडून ठेवलेलं.
"गर्दीच्या टायमाला पोरं म्हणत्यात, भाई, काहीबी टाका. मग वर आसतंय त्येच ऱ्हातंय."
म्हणजे हा माझा ओढा! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा वर्ग भरला आणि तो अ मुळं. चहा मागवला होता त्यानं, तो तसाच ठेवून निघाले.

१४ ऑगस्ट
कशात लक्ष नाही. तासाला दोनदा तेच उदाहरण दिलं. भरलेली बाकं बघवेनात. कितीजण माझ्यासाठी आलेत? मोजायची हिंमत झाली नाही.

१८ ऑगस्ट
परत फिरोजकडं. खरं तर भांडायलाच. माझ्या पुढं एक मुलगी होती, उशिराच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला आलेली. गर्दी नव्हती. हा तिला विचारत होता: गाडी कितीची हाय? घरी काम किती असतं? इंग्रजी जमतंय का? मग पुढं काय करायचं मनात हाय? ती बोलत राहिली, हा ऐकत राहिला. पाच मिनिटांचं काम. मी वर्षभरात एकालाही विचारलेलं नाही.
ती गेल्यावर म्हटलं, असं सगळ्यांना का विचारत नाहीस?
"एकटा मानूस हाय मॅडम, शेवटच्या तारखेला लाईन रस्त्यापत्तर जाती. पर रिझल्ट काढायला बी हितंच येत्यात. नापास झालेलं आधी मला कळतं, मग घरी, मग तुमाला. लई पोरं रडत्यात. मी म्हनतो, जा की मॅडमकडं. जात न्हाईत."
का जात नाहीत, हे विचारलं नाही. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला उलट बोलता आलं असतं.

२१ ऑगस्ट
मांडणी दोन प्रकारे लिहिली. एकीत ओढा, एकीत यादी. दिवसभर ही वाचते, ती वाचते. ह्यांना सगळं सांगितलं. हसले. "दीडच्या गाडीवर विषय ठरत असतील तर समन्वयक मलाच करा." मग गंभीर होऊन, "खरं बोललीस तर गव्हाणे होणार, एवढं लक्षात ठेव."
माहितीय हो.
मी तरी अर्थशास्त्र का घेतलं होतं? मराठीचा वर्ग भरला होता म्हणून.

२५ ऑगस्ट, सोमवार
गव्हाणे सर आधी. रंगीत तक्ते, टाळ्या. मग मी. भरलेल्या वर्गाचा फोटो दाखवला, त्यालाही टाळ्या. तिथंच थांबायचं ठरलं होतं. सकाळी आरशासमोर ठरवून आले होते. पण तोंड थांबेना. यादी सांगितली, फिरोज सांगितला, दीडची गाडी सांगितली. वही उघडून दाखवली. म्हटलं, यातल्या एकालाही न भेटता मी समाधानकारक लिहिलंय, आणि तीच मी मार्गदर्शन तपासायला निघालेय.
प्राचार्य एवढंच म्हणाले, "बरं."
हलकं वाटेल असं वाटलं होतं. कसलं काय, लाजच वाटली.

२६ ऑगस्ट
डबा एकटीनं खाल्ला. इतिहासाच्या मॅडम हात धुताना हळूच म्हणाल्या, "आमची वही तसलीच आहे. पण सांगायची काय गरज होती?"
अश्विनीचा विषय बदलायला तिच्याबरोबर ऑफिसात गेले. मुदत संपली म्हणे. हात हलवत परत. ती मलाच म्हणाली, "जाऊ द्या मॅडम, करते अर्थशास्त्र." तिला अर्थशास्त्र शिकवायचं आता जिवावर येणार.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
प्राचार्यांनी बोलावलं. टेबलावर पत्र. समन्वयक म्हणून माझं नाव. विश्वासच बसेना. "मॅडम, तुमचं बोलणं मला झोंबलं, पण पटलं. काम करणारं माणूस पाहिजे." विषय बदलायची मुदत ठरवण्याचा अधिकारही समन्वयकाला. म्हणजे अश्विनी! जिना दोन-दोन पायऱ्या उतरावासा वाटला.
तेवढ्यात त्यांनी दुसरा गठ्ठा पुढं सरकवला. मागच्या दोन वर्षांचे अहवाल, गव्हाणे सरांनी आता बसून टाइप केलेले. कॉलेजच्या तपासणीला जुनेही दाखवायला लागतात म्हणे. प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षातून चारदा भेटलो, सगळे समाधानी. खाली रिकामी जागा: समन्वयकाची सही.
म्हटलं, यंदापासून सगळं खरं करते, सर. मागचं माझ्या सहीनं नको.
"दोन्ही एकत्रच आहे, मॅडम. मागचं निस्तरल्याशिवाय पुढचं कसं होणार? सोमवारी साडेदहा. नाहीतर गव्हाणे सर तयार आहेत."
त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. समजावूनच सांगत होते.

३० ऑगस्ट
हे सकाळी म्हणाले, "कर सही. पुढची पोरं तरी नीट विषय घेतील." दुपारी ड्युटीवरून फोन केला, "नको करूस गं. उद्या काही निघालं तर तुझंच नाव." संध्याकाळी दूध घेऊन आले आणि त्या विषयावर बोललेच नाहीत.
गव्हाणे सर सही करतील. डोळे झाकून. मग अश्विनीची मुदत तशीच राहणार, फिरोजकडं लाईन तशीच लागणार, आणि मी परत रांगोळीचे रंग आणणार. नाही केली सही तर कुणाचं भलं झालं?
आणि केली तर पुढच्या वर्षी कुणाच्या वहीवर बोट ठेवू? लोक माझ्याच सहीवर ठेवतील.

३१ ऑगस्ट, रविवार
पत्र चार वेळा वाचलं. माझं नाव छापलेलं बरं दिसतं. पद पाहिजे मला. अजूनही पाहिजे, कालच्यापेक्षा जास्तच, आणि त्याची लाज वाटत नाही.
अहवालही वाचला. पान दोनवर माझा गट. बावीस नावं, अश्विनी नवव्या नंबरवर, चार भेटी.
कॉलेजातल्या प्रत्येक पोराला विचारायला एक माणूस नेमून दिलेला आहे, कागदावर का होईना. मला विचारायला कागदावरही कुणी नाही.
पत्र आणि अहवाल एकाच पिशवीत घातले. पेन घातलं, काढलं, परत घातलं. उद्या साडेदहा.