फियाट थोर की मारुती

आदरणीय साडूभाऊ सूर्यभानराव यांस,

काष्टीहून आप्पासाहेबाचा कंबर परवानगी देईल तेवढा वाकून नमस्कार. राहीबाईंचे गुडघे आणि तुमची साखर, दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा. माझी तब्येत ठणठणीत आहे (कोणी विचारत नाही, म्हणून स्वतःच कळवतो).

पत्रास कारण की, आमच्या चिरंजीव समर्थने पुण्याहून फर्मान काढलंय. अंगणात दोन जुन्या गाड्या नकोत, एक ठेवा, दुसरीला तो रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतोय. तेव्हा माझी बहात्तरची फियाट थोर की सत्त्याऐंशीची मारुती, हा आपला जुना तंटा आता मिटवायलाच हवा. तुम्ही पहिल्यापासून मारुतीचे वकील. म्हणून परवा रीतसर परीक्षा घेतली. काष्टी ते श्रीगोंदा, रस्ता तोच, वजन तेवढंच. शेजारी बसायला माणूस मिळेना (ज्याला त्याला कांद्याची घाई), तेव्हा शेजारच्या बजरंगच्या मदतीने बाजरीचं पोतं बसवलं. साठ किलो. शेजारी बसणारी आमची छबूही तेवढीच होती (तिने कधी कबूल केलं नाही ही गोष्ट वेगळी).

आधी मारुती. एका चावीत सुरू, ना धूर, ना कुरकुर. पुढच्या दोन सीट वेगळ्या, त्यामुळे पोतं त्याच्या जागी, मी माझ्या जागी. जाऊन आलो, कळलंसुद्धा नाही. मग फियाट. तिला आधी तिघांनी ढकललं, मग अर्ध्या वाटेत ती तापली, तिला पाणी पाजलं. गिअर स्टिअरिंगपाशी आणि पुढे सलग एकच बाकडं. वळणावर पोतं घसरत आलं आणि माझ्या खांद्याला टेकलं. आणि साडूभाऊ, मी चक्क मोठ्याने म्हणालो, "सरक की जरा, गिअर टाकू दे!"

गाडी बाजूला घेतली. शेळ्या राखणारी लंकाबाई काचेशी येऊन म्हणाली, "आप्पा, कुनासंगं बोलताय? आत तर कुनीच न्हाई." गाडीला रागावतोय म्हणून सांगितलं. ती गेल्यावर मात्र रडू आलं. दिवसभरात दुधवाल्याशी दोन शब्द होतात, तेवढंच माझं बोलणं.

असो. निकाल स्वच्छ आहे. वेग, पेट्रोल, भरवसा, सगळ्यात मारुतीच थोर. तुम्ही जिंकलात.

आपला,
आप्पासाहेब

ता. क. म्हणून मारुती विकतोय. समर्थचा तुम्हाला फोन येईल. परीक्षेला तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात आणि फियाटच सरस ठरली, असं मी त्याला सांगून बसलोय. सांभाळून घ्या.

आणखी एक. छबूच्या दहाव्यानंतर तुमचं येणं झालेलं नाही. तुम्हाला खोटं बोलणं जमत नाही हे मला माहीत आहे. तर रविवारच्या आत या आणि खरंच शेजारी बसा.