चार तारा आणि मामा

४ ऑगस्ट

बास गिटार घेतली. का घेतली ते मलाच माहीत नाही.

मिक्सरच्या भांड्याचं रबर आणायला गेलो होतो. शेजारी वाद्यांचं दुकान. भिंतीवर टांगलेली दिसली – लांब मान, जाड चार तारा. दुकानदाराने आधीच सांगून टाकलं की गाणी वाजवायची असतील तर ही नको, ही बाकीच्यांच्या खालून चालते. एकट्याने वाजवली तर नुसतंच धम धम. मी म्हटलं, चालेल.

रबर आणायचं राहूनच गेलं.

मामांनी दार उघडलं. खांद्यावरची पिशवी बघून म्हणाले, एवढं लांब काय आणलंत, शिडी? गिटार, म्हटलं. मग जेवून घ्या, म्हणाले.

६ ऑगस्ट

एकदा लिहून टाकतो म्हणजे सुटलो.

मामा म्हणजे तिचे वडील, माझे सासरे. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे राहायला आले. आयुष्यभर शिलाई मशिनं दुरुस्त केली, हातात अजून स्क्रू-ड्रायव्हर असतोच. ती ऑफिसच्या कामासाठी दुसऱ्या शहरात गेली, थोड्या महिन्यांसाठी. मे महिन्यात फोन आला. "मी परत येत नाहीये. इथे कुणीतरी आहे."

मी तेव्हा दुकानाच्या मागच्या खोलीत होतो. चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, हे माझं काम. मशिनमध्ये कुणाची तरी काच फिरत होती. मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला. काच पुरी केली. चोख झाली.

तिने मामांनाही त्याच दिवशी सांगितलं होतं. संध्याकाळी घरी आलो तर त्यांच्या तोंडावरूनच कळलं, आणि त्यांना माझ्या. मामा म्हणाले, न्हाणीघरातला नळ गळतोय. मी वायसर बदलला.

तेव्हापासून दोघेही मूग गिळून बसलोय. घर नीट चाललं आहे. दूध येतं, कपडे वाळतात.

१० ऑगस्ट

डाव्या हाताची बोटं सोलवटली. बरं वाटलं असं नाही म्हणणार. पण निदान कुठे काय होतंय ते कळत होतं.

१७ ऑगस्ट

शिकवणी लावली. शिकवणाऱ्या बाई एका हॉटेलातल्या बँडमध्ये बास वाजवतात, दुपारी घरी शिकवतात. पन्नाशीच्या असाव्यात. पायात स्लीपर, केस वर बांधलेले, बोलणं रोखठोक. मी पहिली तार दाबली तर म्हणाल्या, "कुणाचा गळा आवळताय? सोडा जरा."

सोडलं. तर आवाजच फाटला. म्हणाल्या, एवढंही सोडू नका.

या दोन्हींच्या मधलं काहीतरी जमायला हवं म्हणे. आज तरी जमलं नाही. ठेक्याचं यंत्र टिकटिक करत राहिलं, मी त्याच्या पुढे किंवा मागे. बाई म्हणतात, मी प्रत्येक ठोक्याची माफी मागितल्यासारखं वाजवतो.

२५ ऑगस्ट

मामा पेपर वाचत होते, मी वाजवत होतो. एकच ओळ, पुन्हा पुन्हा. तासाभराने त्यांनी पेपर खाली केला आणि विचारलं, गाणं कधी सुरू होणार?

हेच गाणं, मामा.

पेपरची घडी घातली त्यांनी. मग म्हणाले, मशिनचा पट्टा सैल झाला की असा आवाज येतो.

३ सप्टेंबर

गिटारला स्पीकरची वायर जोडतो तिथे खरखर होते. जरा हलली की आवाज जातो. बाई म्हणाल्या आतला जोड सुटला असेल, दुकानात दाखवा. घरी येऊन मामांना सहज बोललो. चूक झाली बहुतेक! त्यांचे डोळेच चमकले.

५ सप्टेंबर

कामावरून आलो तर जेवणाच्या टेबलावर बास उघडी पडलेली. पोटातल्या वायरी बाहेर. मामांनी जुनी हत्यारं ओळीने मांडलेली, डाग द्यायची सोल्डरिंग गन गरम, खोलीभर त्याचा वास. मामा घामाघूम. म्हणाले, खरखर गेली.

खरंच गेली होती. आवाजही गेला होता.

तेवढ्यावर भागलं असतं. पण तारा मानेच्या टोकाला ज्या पांढऱ्या पट्टीच्या खाचांत बसतात, त्या खाचाही त्यांनी कानशीने खोल केल्या होत्या. तारा उंच वाटल्या म्हणे, तुमच्या बोटांना त्रास होतो. आता सगळ्यात जाड तार लाकडाला टेकून माशी अडकल्यासारखी भुणभुणते.

मी बघितलं. असू दे मामा, होतं असं, म्हटलं आणि हात धुवायला गेलो. राग यायला हवा होता. थांबून वाट पाहिली थोडी. नाही आला.

परत आलो तर मामा उभेच. कानस हातात.

"ओरड तरी माझ्यावर," म्हणाले. "नवी वस्तू होती तुझी. मी वाट लावली तिची. ओरड की रे!"

मी म्हटलं, त्यात ओरडायचं काय.

"तिने सांगितलं मला. म्हणाली, बाबा, मी त्याला एवढं सांगितलं आणि तो 'बरं' म्हणाला. तेवढंच. बरं!"

मग कानस ठेवली, हत्यारं गोळा केली, आत गेले.

मामा लग्नापासून मला अहो-जाहो करतात. आज पहिल्यांदा अरे-तुरे केलं. पाण्याचा पेला हातात घेऊन मी तेवढंच डोक्यात घोळवत राहिलो.

६ सप्टेंबर

मामा पुन्हा "तुम्ही"वर आले. चहात साखर घालू का, एवढंच बोलणं.

१४ सप्टेंबर

दुकानदाराने पट्टी बदलून दिली, जोडही नीट केला. मामा सोबत आले होते. दुकानदाराने हे कुणी केलं असं विचारल्यावर माझ्याआधीच म्हणाले, मी. आणि नव्या पट्टीच्या खाचा किती खोल ते चष्मा कपाळावर चढवून पाहून घेतलं.

२८ सप्टेंबर

दुसरी बास! पहिली नीट चालत असताना. डोकं फिरलंय बहुधा, पण कल्पना मामांची. पेपरातली जाहिरात त्यांनीच दाखवली – जुनी, वजनदार, एकाच हातात राहिलेली. पाप धुवायचं होतं त्यांना, दुसरं काय.

बसने गेलो. तिसरा मजला. विकणारा तिशीतला, कडेवर तान्हं मूल. ते रडतं म्हणून वाजवणं बंद केलं म्हणाला. बास आणायला आत गेला तेव्हा मूल मामांकडे देऊन गेला. ते मामांची बटणं ओढत बसलं.

मी वाजवून पाहिली. मामांनी मूल परत दिलं, मग बास उलटी-सुलटी करून, एक डोळा मिटून मान सरळ आहे का पाहिलं आणि लाकडाला कान लावला. तार छेडा, म्हणाले. मी छेडली. त्यांनी मान हलवली.

विकणाऱ्याने मला विचारलं, वडील का तुमचे?

मी सासरे म्हणणार होतो. पण आता सासरे म्हणायचं का, या विचारात अडकलो. तेवढ्यात मामाच म्हणाले, "मी ह्यांच्याकडे राहतो."

परतीच्या बसमध्ये बास दोघांच्या गुडघ्यांवर आडवी. मी म्हटलं, मामा, घर तुमचंही आहे. ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, आपला थांबा आला.

५ ऑक्टोबर

बाईंनी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या सरावाला बोलावलं. शाळेचा हॉल, एक ड्रम वाजवणारा, दोन गिटारवाले. माझ्याकडे फक्त चार सूर. एकदा ठोका चुकला तर सगळेच अडखळले आणि वळून माझ्याकडे बघायला लागले. इतक्या जणांनी एकदम माझ्याकडे बघून किती वर्षं झाली! बाई म्हणाल्या, कळलं ना आता तुमचं काम काय ते? पुन्हा.

मामा मागच्या बाकावर बसले होते. येताना विचारलं, त्यात तुमचा आवाज कुठला?

म्हटलं, जो ऐकू येत नाही तो.

थोडं चालून म्हणाले, मग बरोबर. मला पायात काहीतरी लागत होतं.

१२ ऑक्टोबर

तिचा फोन. मामांना. ते गॅलरीत जाऊन बोलले, दार लोटून. मी वाजवत होतो ते थांबवलं नाही, फक्त आवाज अगदी कमी केला. तरी ऐकू काही आलं नाही.

आत आले. तिने मोठं घर घेतलं आहे, एक खोली माझ्यासाठी आहे म्हणते, म्हणाले. समोर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर.

"जाऊ का?"

मी म्हटलं, तुम्ही ठरवा मामा. तुमची मुलगी आहे.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं."

तो शब्द समोरून ऐकायला असा लागतो, हे मला माहीत नव्हतं.

१३ ऑक्टोबर

राहा म्हणायचं होतं. कामावर दिवसभर तेच ठरवत होतो. घरी आलो तर त्यांनी पलंगाखालची बॅग काढून पुसायला घेतलेली. मीही फडकं घेतलं. दोघांनी मिळून पुसली.

१९ ऑक्टोबर

मामा गेले. ती न्यायला येणार नव्हती, गाडी पाठवली होती. हत्यारांची पेटी ठेवून गेले. तिकडे काय दुरुस्त करायचं, सगळं नवं आहे, म्हणाले. दारात चपला घालताना मला वाटलं काहीतरी बोलतील. "येतो," म्हणाले. निघताना सगळेच असं म्हणतात, त्यावरून काही कळत नाही.

आता वाजवायला कुणाची अडचण नाही. वाजवलं नाही.

२३ ऑक्टोबर

स्वयंपाक दोघांचा होतोय. हाताला सवय.

२ नोव्हेंबर

मामांचा फोन. तिथला लिफ्टचा दरवाजा नीट लागत नाही. शेजारी बरे आहेत. वाजवता का, विचारलं. हो म्हटलं, खोटंच. ती कशी आहे हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं की ती तिथे एकटीच असते, दुसरं कुणी दिसत नाही. बोलते माझ्याशी, म्हणाले. पुष्कळ बोलते. मी पण बोलतोय तिच्याशी.

काय बोलताय ते मी विचारलं नाही.

९ नोव्हेंबर

सरावाला गेलो नाही. बाईंचा फोन आला. आजारी आहात का? नाही. मग या, म्हणाल्या, तुमच्यावाचून सगळे तरंगतायत. पुढच्या वेळी येतो म्हटलं.

मामांच्या खोलीत जाऊन बसलो. त्यांच्या उशीच्या अभ्र्याला अजून त्यांच्या केसांच्या तेलाचा वास आहे. धुवायला टाकणार होतो. तसाच ठेवला.

१६ नोव्हेंबर

दुपारी फोन. ती. किती दिवसांनी आवाज ऐकला. तो विषय केव्हाच संपला, म्हणाली. बाबा रोज समजावतात. चुकलंच माझं. मी परत आले तर चालेल का तुला? बाबांना घेऊन रविवारी निघते, तू फक्त हो म्हण.

बरं म्हणणार होतो. तोंडावर आलंच होतं.

"तू नको येऊस," म्हणालो. "मामांना पाठव."

ती रडायला लागली. मी पुन्हा तेच म्हणालो, त्याहून मोठ्याने.