कणगी की पोतं

पाच महिन्यांनी पत्र आलं, आणि त्यात काय, तर गावातली लांबलचक नावं कळव! म्हातारी जेवली का, एवढं विचारायला शाई पुरली नाही?

प्रिय श्रीमंत, राग लिहून झाला. आता आजीचा आशीर्वाद घे.

तुझ्या पुण्याच्या हपिसातलं यंत्र एका घरात एकच अक्षर घेतं, आणि माणसाच्या नावाला वीस घरं ठेवायची की तीस, हे तू ठरवणार, एवढं मला कळलं. नावं गोळा करायला निघाले, पण दुष्काळानं आळीत ठेवलंय कुणाला? निम्मे ऊसतोडीला बेलापूरकडं, निम्मे खडी फोडायला. मग एकेका कुलपापुढं उभी राहून नावं आठवली. यंत्राला इंग्रजीच कळतं म्हणून बन्सी मास्तराकडून लिहून घेतली आणि अक्षरागणिक ज्वारीचा दाणा ठेवून मोजली. दगडाबाई सूर्यभान खेडकर, मधल्या मोकळ्या जागा धरून सत्तावीस. वीसच घरं दिलीस तर बाईचं आडनाव उंबऱ्याबाहेर राहील. जातील तिथं उपरे म्हणवून घेतात, तुझ्या कागदावर तरी नको.

सगळ्यांना सारखी घरं द्यावी, की आधी अक्षरांचा आकडा लिहून नाव असेल तेवढीच जागा द्यावी, असंही विचारलंस. अरे, हे कणगी आणि पोत्याचं आहे. दाण्याची कणगी रिकामी असली तरी कोपरा अडवतेच. घरात तीन आहेत, यंदा उंदीरसुद्धा डोकावत नाही. तुझी खाटही त्यातलीच. पोतं दाण्यांएवढंच फुगतं, फक्त त्यावर किती पायली ते लिहावं लागतं. ज्याचं माप बदलत नाही त्याला कणगी कर. माणसाच्या नावाला पोतंच बरं.

आता बसले होते कशासाठी ते. माझा उजवा डोळा गेल्यात जमा आहे, हे डाव्यानं लिहितेय. संक्रांतीनंतरच्या सोमवारी तालुक्याच्या दवाखान्यात मोतीबिंदू काढणार. जवळच्या माणसाचं नाव मागतात, सही त्यानं करायची. तिथंही छापील रेघ बोटभरच. मी श्रीमंत सहादेव खेडकर अख्खं लिहिलं, रेघ संपली तरी थांबले नाही. डॉक्टर म्हणाले, आजी, दुसरं कुणी आखूड नावाचं नाही का? म्हटलं, दुसरं कुणीच नाही. येणार की नाही, ते तूच कळव. यंत्राचा छापील कागद नको, मित्राकडून लिहून घेतलेलं नको. तुझ्या हातानं लिही, आणि मोठ्या अक्षरात लिही.

तुझीच,
गोजरआजी