पाट्याला मारलेलं पॉलिश

आई,

पाटा शोधू नकोस. स्कूटरवर घालून खांब गावात नेतोय. तिथला एक पाथरवट अजून छिन्नीने टाकी लावून दगड पुन्हा खरखरीत करून देतो म्हणे.

ओट्याच्या ग्रॅनाइटला आरशासारखं पॉलिश मीच निवडलं. त्याच्याशेजारी तुझा खरखरीत पाटा मला गावंढळ दिसला. कारागिराला म्हटलं, "मशीन चालूच हाय, तर याच्यावरपण फिरव." तू त्यावर कितीतरी वेळ तळवा फिरवत राहिलीस आणि "बरा झाला रे" म्हणालीस. मला वाटलं, खूश झालीस.

काल खोबरं वाटताना वरवंटा नुसता घसरत होता. शेवटी तू मिक्सर लावलास. तेव्हा कुठे आठवलं, दर दिवाळीआधी ओटीवर बसून बाबाच पाट्या-वरवंट्याला टाकी लावायचे. पाट्यावरची त्यांच्या हातची शेवटची टाकी मी चकाकीपायी घासून काढली. तुझा तळवा काय शोधत होता, ते आता कळतंय. समोर उभं राहून हे सांगायचं धाडस नाय, म्हणून लिहितोय.

वरवंटा देवाजवळ ठेवलाय. त्याच्यावर बाबांची टाकी अजून आहे. तीही मी राखली म्हणून नव्हे, त्या दिवशी वरवंटा कारागिराला द्यायचा विसरलो म्हणून.

सुशील